शरीरातील लोहाची तपासणी : कोणती करावी, केव्हा करावी आणि अहवाल कसा वाचावा

सांगली-मिरजेच्या प्रयोगशाळांत सकाळी जी रांग लागते, तिच्यात "रक्त कमी आहे का ते बघायचंय" असे सांगणारे कोणीतरी रोज असते, आणि बहुतेक वेळा ती स्त्री असते. रक्त कमी असणे हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग आहे आणि तो अगदीच चुकीचाही नाही. मात्र अंगातले रक्त मापाने कमी झालेले नसते, त्यातले हिमोग्लोबिन कमी झालेले असते, आणि तेही कमी होण्याच्या बऱ्याच आधीपासून शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. गफलत होते ती येथेच. हिमोग्लोबिन १२.३ आले की "रक्त चांगलं आहे" हे ऐकून बाई घरी जाते, आणि केसांचे गळणे, जिना चढताना लागणारा दम, रात्री पायांत वळवळ होऊन मोडणारी झोप हे सगळे पुढे चालूच राहते. प्रयोगशाळेच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की लोहाच्या बाबतीत यंत्राने चुकीचा आकडा देणे फार क्वचित घडते, पण अपुरी तपासणी चुकीच्या वेळी करून घेणे मात्र सर्रास घडते. पुढील माहिती त्या दृष्टीने लिहिली आहे. निदान आणि औषध हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यासमोर बसताना हातात योग्य कागद असावा, एवढाच येथे हेतू आहे.

पेव, गाड्या आणि दुकान

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली पेवे जुन्या पिढीने पाहिली आहेत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पाण्याखाली गेली. लोहाच्या तपासण्या समजून घेण्यासाठी त्या पेवांइतका सोपा दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे रोजच्या वापरात असते. ते झाले बाजारातले दुकान. उरलेल्यातले बरेचसे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत साठवलेले असते. ते झाले पेव. पेवात लोह ज्या प्रथिनात बांधून ठेवलेले असते त्याचे नाव फेरिटिन, आणि त्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरत असल्यामुळे रक्तातले फेरिटिन मोजून साठ्याचा अंदाज घेता येतो. पेवातून दुकानापर्यंत माल नेणाऱ्या गाड्या म्हणजे ट्रान्सफेरिन. त्या क्षणी गाड्यांत असलेला माल म्हणजे सीरम आयर्न, सगळ्या गाड्यांची मिळून क्षमता म्हणजे टीआयबीसी, आणि त्या क्षमतेपैकी किती टक्के भरलेली आहे ते सांगणारा आकडा म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन.

लोह कमी पडू लागले की प्रथम पेव रिकामे होते, म्हणजे फेरिटिन उतरते. या टप्प्यावर बाकी सर्व आकडे ठीक दिसतात. नंतर शरीर अधिक गाड्या रस्त्यावर काढते, परंतु त्यांत भरायला माल नसतो. म्हणून टीआयबीसी वाढते आणि सॅच्युरेशन घटते. दुकानातला माल सगळ्यात शेवटी संपतो. केवळ हिमोग्लोबिन पाहून लोहाविषयी निश्चिंत होणे म्हणजे दुकानाच्या फळीवर माल दिसतो आहे म्हणून पेव भरलेले आहे असे समजणे होय.

तपासणी कोणी करून घ्यावी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. तो सगळाच लोहाच्या कमतरतेमुळे असतो असे नाही, पण त्यात लोहाचा वाटा मोठा आहे. मासिक पाळीत पॅड दर तास-दोन तासांनी बदलावे लागत असेल, गाठी पडत असतील किंवा पाळी आठवड्यापेक्षा जास्त चालत असेल, तर थकवा येण्याची वाट न पाहता तपासणी करावी. गरोदर स्त्रिया, बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने, वाढीच्या वयातल्या मुली, पोटाची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले लोक, आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे लोक यांनाही हे लागू आहे. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होणे हे लोह कमी असल्याचे जुने आणि बरेच विश्वासार्ह लक्षण आहे. आपल्याकडे ते "खोड" म्हणून हसण्यावारी नेले जाते, किंवा गरोदर बाईचे डोहाळे म्हणून कौतुकाने सांगितले जाते.

या यादीत एक गट सहसा कोणी धरत नाही, तो नियमित रक्तदात्यांचा. आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत गणेशोत्सव, जयंती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या निमित्तांनी शिबिरे होतात आणि तरुण मुले अभिमानाने वर्षात तीन-चार वेळा रक्त देतात. ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते, आणि अन्नातून शरीर दिवसाला शोषते ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. शिबिरात हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे एवढेच पाहिले जाते, फेरिटिन पाहिले जात नाही. रक्तदान जरूर करावे, पण वर्षातून एकदा फेरिटिनही पाहून घ्यावे. विशेषतः रक्तदान करणाऱ्या स्त्रियांनी.

कोणती तपासणी मागावी आणि कोठे करावी

पहिली पायरी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची संपूर्ण गणना. ही स्वस्त असते आणि जवळजवळ सर्वत्र होते. तिच्या जोडीला फेरिटिन घ्यावे. संशयित लोहकमतरतेसाठी या दोन तपासण्या बहुतेकांना पुरतात. अलीकडे ताप, सांधेदुखी, एखादा जुनाट आजार किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टर सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, आणि आयर्न प्रोफाइल, म्हणजे सीरम आयर्न, टीआयबीसी आणि सॅच्युरेशन हे तिन्ही, जोडून सांगतात. केवळ सीरम आयर्न एकट्याने करून घेण्यात पैसे घालवू नयेत; तो आकडा त्याच माणसात एकाच दिवसात इतका वरखाली होतो की त्यावरून एकट्याने काहीच ठरवता येत नाही. साठ-सत्तर तपासण्यांच्या "फुल बॉडी" पॅकेजमध्ये पुष्कळदा सीरम आयर्न असते आणि फेरिटिन नसते. म्हणून पॅकेजचे नाव न पाहता आतली यादी वाचून मगच पैसे भरावेत.

हिमोग्लोबिन गावातल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासले जाते, आणि गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय केंद्रांत तपासणी असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. फेरिटिनसारखी तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात होईलच असे नाही. सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय येथे जायचे असल्यास ती कोणत्या दिवशी आणि कोणत्या विभागात होते हे केसपेपर काढतानाच विचारून घ्यावे. जत किंवा आटपाडीहून पहाटेची एसटी पकडून उपाशीपोटी आलेल्या माणसाला दुपारी "उद्या या" असे सांगितले जाण्यापेक्षा आदल्या दिवशी केलेला एक फोन बरा.

बोटाला सुई टोचून केलेल्या हिमोग्लोबिनविषयी थोडे सावध राहावे. थंडीत बोट गार पडले की रक्त नीट येत नाही आणि टोचणारी व्यक्ती बोट पिळते. तसे केल्याने रक्तात ऊतींतले पाणी मिसळते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. माझ्या नात्यातल्या एका बाईंना अशाच एका शिबिरात हिमोग्लोबिन ७.८ असल्याचे सांगण्यात आले आणि घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशी शिरेतून रक्त घेतल्यावर ते १०.६ निघाले. म्हणजे त्यांना रक्तक्षय होताच, परंतु रक्त चढवावे लागेल अशा चिंतेचे कारण नव्हते. बोटावरची तपासणी ही चाळणी आहे. तिच्यात कमी आढळल्यास शिरेतून घेतलेल्या रक्ताची सीबीसी करावी आणि मगच पुढचे ठरवावे.

तपासणीपूर्वीची तयारी

सीबीसी आणि फेरिटिन या दोन्हींसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. आयर्न प्रोफाइल असेल तर मात्र रात्रीचे जेवण लवकर करून आठ ते दहा तास काही न खाता सकाळी रक्त द्यावे, कारण सीरम आयर्न जेवणाने आणि दिवसाच्या वेळेनुसार बदलते. पाणी भरपूर प्यावे. उपाशी म्हणजे निर्जळी नव्हे, आणि पाणी न प्यायलेल्या माणसाची शीर सापडत नाही, हे रक्त घेणारा कोणीही सांगेल. चहा मात्र रक्त दिल्यानंतर घ्यावा, तोही न्याहारीला लागूनच नको.

लोहाची गोळी चालू असेल तर ती आयर्न प्रोफाइलच्या आधी निदान चोवीस तास घेऊ नये, कारण सकाळी गोळी घेऊन दहा वाजता रक्त दिले तर गाड्या भरलेल्या दिसतात आणि पेव रिकामेच असते. मात्र तपासणीसाठी म्हणून आठ-पंधरा दिवस गोळ्या बंद करण्याचे काहीच कारण नाही, आणि गरोदर स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. केस आणि नखे वाढावीत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते आणि काही यंत्रांवर ते फेरिटिनच्या मोजणीत ढवळाढवळ करते. अशी गोळी चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी सांगावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन दिवस थांबवावी.

सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे योग्य दिवस निवडणे. ताप, डेंगी, घशाचा संसर्ग, पोट बिघडणे, दाताचे गळू यांपैकी काही चालू असताना फेरिटिन करू नये. शरीरात दाह असला की फेरिटिन आपोआप वर जाते, डेंगीत तर फारच वर जाते, आणि लोह कमी असलेल्या माणसाचा अहवालही निर्दोष दिसतो. आजारातून उठल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. रक्त चढवलेले असेल किंवा शिरेतून लोहाचे इंजेक्शन दिलेले असेल, तर त्याची तारीख प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगावी.

रक्त देताना फारसे काही करायचे नसते. पाच मिनिटे शांत बसावे. तासगावहून मोटरसायकलवर आल्या आल्या हात पुढे करू नये. हाताला पट्टा बांधल्यावर मूठ सारखी उघडझाप करू नये. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत आणि फेरिटिन व आयर्नसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतले जाते. नळीवर आपले पूर्ण नाव आणि वय लिहिले गेले आहे का, हे तेथेच डोळ्यांनी पाहावे. एकाच आडनावाची चार माणसे एकाच सकाळी येतात तेव्हा ही काळजी निरर्थक ठरत नाही. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या असतील तर अहवालावर "हिमोलाइज्ड" असा शेरा येतो. अशा अहवालावरील सीरम आयर्नच्या आकड्यावर विसंबू नये आणि पुन्हा नमुना द्यावा.

अहवाल वाचताना

आधी हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत सर्वसाधारणपणे ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. गरोदर स्त्रीत ७ च्या आणि इतर प्रौढांत ८ च्या खालचा आकडा तीव्र रक्तक्षय दाखवतो. तो हाती आल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, घरगुती उपाय करत बसू नये.

त्यानंतर त्याच कागदावरचे तीन आकडे पाहावेत, जे बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो ८० ते १०० च्या दरम्यान असावा आणि लोह कमी असता ८० च्या खाली येतो. एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते. ते २७ च्या खाली गेले की पेशी फिक्या. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत. ती साडेचौदाच्या वर जाऊ लागली तर नव्या लहान पेशी आणि जुन्या मोठ्या पेशी एकत्र वावरत आहेत असे समजावे, आणि लोहाच्या कमतरतेत ती पुष्कळदा हिमोग्लोबिन घटण्याआधीच वाढलेली असते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरताही भरपूर आढळते. ती पेशी मोठ्या करते आणि लोहाची कमतरता पेशी लहान करते. दोन्ही एकत्र असल्यास सरासरी आकार नेमका ठीक दिसतो आणि केवळ वाढलेले आरडीडब्ल्यू गुपित फोडते. म्हणून "एमसीव्ही नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये.

आता फेरिटिन. येथे अहवालावर छापलेल्या मर्यादेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काही अहवालांत स्त्रियांसाठीची मर्यादा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरू होते. म्हणजे १२ आकडा आला तरी त्यापुढे तारा नसतो, ठळक छपाई नसते, आणि घरचे लोक "सगळं नॉर्मल आलंय" म्हणून कागद घडी घालून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात १५ च्या खालचे फेरिटिन ही लोहाची कमतरताच आहे, पाच वर्षांखालील मुलांत ही रेषा १२ ची आहे, आणि दाह किंवा संसर्ग असलेल्या प्रौढात तर ७० च्या खालचा आकडासुद्धा कमतरता सुचवतो. व्यवहारात अनेक डॉक्टर लक्षणे असलेल्या माणसात ३० च्या खाली आले की उपचाराचा विचार करतात. मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही फेरिटिनच्या बाबतीत एकच गोष्ट आहे. एकक वेगळे दिसले म्हणून गोंधळू नये.

आयर्न प्रोफाइलमधले सॅच्युरेशन छापलेले नसेल तर स्वतः काढता येते. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणावे. समजा सीरम आयर्न ४० आणि टीआयबीसी ४५० आहे, तर सॅच्युरेशन सुमारे ९ टक्के होते. साधारण २० ते ५० टक्के ठीक समजतात. २० च्या खाली लोह अपुरे पडत असल्याची शंका घ्यावी आणि १६ च्या खाली ती बळावते.

काही जुळण्या समोर ठेवल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. आकडे कल्पित आहेत, प्रकार मात्र रोजचे आहेत. विट्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही ८१, आरडीडब्ल्यू १५.२ आणि फेरिटिन ८ आहे. तिला रक्तक्षय नाही, परंतु पेव रिकामे आहे, आणि तिचा थकवा आळसाचा नाही. दुसरी बाई सांधेवाताची रुग्ण आहे. तिचे हिमोग्लोबिन १०, फेरिटिन ६०, सीआरपी वाढलेले आणि सॅच्युरेशन १२ टक्के आहे. दाह असताना यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सुटते आणि ते पेवाचे तोंड बंद करते, त्यामुळे आत असलेला मालही बाहेर येत नाही आणि आतड्यातून नवीही भरती होत नाही. येथे ६० हा आकडा ठीक वाटला तरी दाहामुळे फुगलेला आहे, आणि प्रत्यक्षात तिला दाहही आहे आणि लोहाची कमतरताही. अशा रुग्णाने फेरिटिनचा आकडा एकटा कोणालाही दाखवू नये, सीआरपीसह दाखवावा.

तिसरा प्रकार अधिक नुकसानकारक ठरतो. एखाद्या तरुणाचे हिमोग्लोबिन ११.८, एमसीव्ही ६४ आणि लाल पेशींची संख्या ५८ लाख आहे. पेशी लहान म्हणून त्याला वर्षभर लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि काहीच फरक पडत नाही. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागावे: ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असण्याची शक्यता अधिक, १३ च्या वर आले तर लोहाची कमतरता अधिक संभवते. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी एचपीएलसी नावाच्या पद्धतीने हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) पाहावे लागते आणि ते साडेतीन टक्क्यांच्या वर असल्यास तो वाहक समजला जातो. मात्र फेरिटिन कमी असताना ए-२ खोटे कमी दिसू शकते, म्हणून आधी लोह भरून काढतात आणि मग ही तपासणी करतात. वाहक माणसाला आजार नसतो; पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर होणाऱ्या मुलाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे पत्रिका जुळवतात त्याच आठवड्यात ही तपासणी करून घेतली, तर गुरुजींचाही काही आक्षेप असू नये.

फेरिटिन फार जास्त आले तर घाबरण्यापूर्वी ताप, मद्यपान, यकृतावरील चरबी आणि मधुमेह यांचा विचार व्हावा, कारण बहुतेक वेळा कारण त्यांतच सापडते. त्याबरोबर सॅच्युरेशनही ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर शरीरात लोह साठत जाणाऱ्या आजारांसाठी डॉक्टर पुढील तपासणी सांगतात. अशा माणसाने "शक्तीसाठी" म्हणून लोहाची गोळी किंवा टॉनिक घेणे धोक्याचे आहे.

लोह गेले कोठे, हा खरा प्रश्न

फेरिटिन कमी निघाले म्हणजे काम निम्मेच झाले. शरीरातून लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र व्यवस्था नसते. ते जाते ते मुख्यतः रक्ताबरोबर, एक मिलिलिटर रक्तामागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. म्हणून पाळीचा रक्तस्राव, मूळव्याध, पोटातील व्रण आणि जंत यांचा विचार व्हायलाच हवा. उसाच्या फडात आणि हळदीच्या रानात अनवाणी काम करणाऱ्या माणसांच्या पायांतून अंकुशकृमी नावाचे जंत शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा घरांत शौच तपासणी किंवा जंतांची गोळी याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. द्राक्षबागेत छाटणीच्या हंगामात अंग दुखते म्हणून दुकानातून रोज वेदनाशामक गोळी घेणारे लोक आपल्या भागात कमी नाहीत, आणि त्या गोळ्यांमुळे जठरातून नकळत रक्त झिरपत राहते.

पाळी थांबलेल्या स्त्रीत आणि कोणत्याही वयाच्या पुरुषात लोह कमी निघाले तर त्याकडे आहाराचा प्रश्न म्हणून पाहू नये. पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याचे हिमोग्लोबिन ९ आणि फेरिटिन ६ आहे, आणि त्याला कोणी बीट, खजूर व गूळ खायला सांगून घरी पाठवले, तर त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ सहा महिने लपून राहू शकते. या गटात शौचातील सुप्त रक्ताची तपासणी आणि बहुधा दुर्बिणीची तपासणी डॉक्टर सांगतात. ती टाळू नये. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, हे मात्र अपेक्षित असते. गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे शौच झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

आहाराविषयी थोडक्यात. बाजरी, हरभरा, मटकी, राजगिऱ्याची पाने, अळीव, तीळ यांत लोह असते, पण ते मांसाहारातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. भाकरीबरोबर लिंबू, कच्चा कांदा-टोमॅटो किंवा पेरू खाल्ल्याने क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते, आणि जेवण होताच घेतलेल्या चहाने ते घटते. सांगलीकराला चहा सोडायला सांगणे व्यर्थ आहे. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. पेव एकदा रिकामे झाल्यावर मात्र केवळ आहाराने ते भरून येण्यास फार काळ लागतो, तेथे औषध लागतेच.

पुन्हा तपासणी केव्हा

गोळ्या सुरू झाल्यावर लोक आठवड्यात फेरिटिन करायला येतात आणि निराश होतात. गोळ्या लागू पडत असतील तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढते. म्हणून पहिली फेरतपासणी महिन्याने, आणि तीही केवळ सीबीसीची करावी. एवढ्या काळात काहीच वाढ झाली नाही तर गोळी खरोखर नियमित घेतली जाते का, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली जाते का, रक्तस्राव चालू आहे का आणि मुळात निदान बरोबर होते का, हे त्याच क्रमाने तपासावे. हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतरही पेव भरण्यासाठी डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या पुढे चालू ठेवायला सांगतात, आणि बहुतेक लोक नेमक्या येथेच त्या बंद करतात. फेरिटिन या टप्प्यानंतर करावे. शिरेतून लोहाचे इंजेक्शन घेतले असेल तर पुढचे एक-दोन महिने फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. त्या काळात ते करून घेण्यात अर्थ नाही.

शक्यतो सर्व तपासण्या एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, कारण दोन यंत्रांच्या फेरिटिनमध्ये तफावत असते आणि २२ चे २८ झाले ते औषधाने की यंत्र बदलल्याने, हे नंतर सांगता येत नाही. प्रत्येक अहवालाच्या मागे पेनाने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्या दिवशी लोहाची गोळी चालू होती का आणि शेवटची केव्हा घेतली, मागच्या तीन आठवड्यांत ताप आला होता का, शेवटची पाळी केव्हा आली, आणि रक्तदान केले असल्यास त्याची तारीख. मोबाइलवर आलेल्या पीडीएफमध्ये हे काहीच नसते, म्हणून ती फाइल छापून घ्यावी आणि त्याच पिशवीत ठेवावी जिच्यात घरातले जुने केसपेपर असतात.